दुधाची दाढ पडणारच आहे, मग सिमेंट कशाला?

प्रश्न : मॅडम, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे. चॉकलेट घरात आणतच नाही, रोज सकाळी ब्रशही करते, तरी खालची एक दाढ किडलीये, काळा खड्डा दिसतो. माझं माहेर द्राक्षबागांच्या पिंपळगावचं, त्यामुळे घरात बेदाणे कायम असतात, ती येताजाता तेच तोंडात टाकते. सासूबाई म्हणतात दुधाची दाढ आहे, पडेल, सिमेंट भरायला पैसे कशाला घालवायचे. काय करू?

उत्तर : ताई, दाढ भरून घ्या, आणि याच आठवड्यात जा. दुधाचे पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडायला लागतात हे खरंय, पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे अजून चार-पाच वर्षं तिला याच दाढेने पोळी-भाकरी चावायचीय. कीड खोल गेली की ठणका, सूज, मग दाढ काढायची वेळ येते, आणि ती लवकर काढली की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा जाते. सासूबाईंना एवढंच सांगा, त्यांना पटेल.

आता बेदाणे. वाईट नाहीत हो, पण दाढेच्या खाचेत चिकटून बसतात. तोंडातले जंतू त्यातल्या साखरेचं ॲसिड करतात, त्याने दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं, मग लाळ ते हळूहळू भरून काढते, पण त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो आणि तेवढ्यात पोरगी पुन्हा दोन बेदाणे टाकते, मग लाळेने भरून काढायचं कधी? म्हणून किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे बघा. जेवणाबरोबर एकदाच वाटीत द्या, वर पाणी प्यायला लावा.

तुम्ही सकाळच्या ब्रशचं लिहिलंय, रात्रीचं काहीच नाही. मला खरी काळजी तिथेच वाटते. झोपेत लाळ अगदी कमी होते, मग दातात अडकलेलं रात्रभर तसंच राहतं. रात्रीचा ब्रश झाला की फक्त पाणी, दूधसुद्धा त्याआधीच. टूथपेस्ट फ्लोराइडवाली हवी, ट्यूबवर १००० पीपीएम किंवा थोडं जास्त लिहिलेलं बघून घ्या, मुलांच्या रंगीत पेस्टमध्ये बऱ्याचदा फ्लोराइड नसतं. मटारच्या दाण्याएवढी पुरे. दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. आणि ब्रश तुम्ही करून द्या, तिच्या मागे उभं राहून, तिचं डोकं तुमच्या पोटाशी टेकवून. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागपर्यंत नीट जात नाही.

अजून एक, हे आज रात्रीच करा. मोबाईलचा टॉर्च लावून समोरच्या मधल्या दातापासून एका बाजूला मागे मोजत जा. पाच दात दुधाचे. सहावी दाढ दिसली तर ती कायमची, ती यायला कुठला दात पडत नाही म्हणून बहुतेक आईबाबांना कळतच नाही आणि तीही दुधाचीच समजून दुर्लक्ष होतं. अर्धी वर आलेली असताना ती बाकीच्यांपेक्षा बुटकी असते, ब्रश तिच्या वरूनच निघून जातो, तेव्हा तिथे ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून ती एकटी वेगळी घासायची. खाचा खोल असतील तर दाढ भरायला जाल तेव्हाच सीलंटचं विचारा, पातळ लेप लावून त्या खाचा बंद करून टाकतात, दुखत नाही.