'बायबलचा शब्दशः अर्थ घेणारे पंथ' हा प्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती पंथांवरच्या लेखांत 'बायबलचा शब्दशः अर्थ घेणारे पंथ' असं वाचायला मिळतं. हा प्रयोग योग्य आहे का, आणि त्यात कॅथलिक मोडतात की प्रोटेस्टंट?

आधी व्याकरण. 'शब्दशः' हे क्रियाविशेषण आहे. त्यातला 'शस्' प्रत्यय 'एकेक करून' असं सांगतो: क्रमशः, खंडशः, तसंच शब्दशः. म्हणून भाषण शब्दशः उतरवून घेता येतं, उतारा शब्दशः भाषांतरित करता येतो. अर्थ मात्र वाक्याचा लागतो, सुट्या शब्दांचा नाही. इथे लागणारा शब्द आपल्या काव्यशास्त्रात तयार आहे: वाच्यार्थ, म्हणजे शब्दांतून सरळ निघणारा अर्थ. त्याची जोडी लक्ष्यार्थाशी, म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायच्या जवळच्या अर्थाशी. ही जोडी वापरली की पंथांमधला वाद फार नेमका मांडता येतो.

लक्ष्यार्थ देणाऱ्या शब्दशक्तीला लक्षणा म्हणतात; तिची पहिली अट मुख्यार्थबाध, म्हणजे सरळ अर्थ न जुळणं. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटलं की प्रवाहावर वस्ती शक्य नाही, म्हणून 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घ्यायचा. आता शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हातात घेऊन काढलेलं वाक्य पाहा: 'हे माझे शरीर आहे' (मत्तय २६:२६). ऑक्टोबर १५२९मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमधला धर्मसुधारक झ्विंग्ली याच वाक्यावर समोरासमोर आले. ल्यूथरने ते लॅटिनमध्ये खडूने टेबलावर लिहून ठेवलं आणि 'आहे' या क्रियापदावरून तो हलला नाही. झ्विंग्लीच्या मते तिथे 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात पित्याच्या उजवीकडे आहे, ते भाकरीत कसं असेल? म्हणजे मुख्यार्थबाध झाला. शिवाय 'मी दार आहे' असंही येशू म्हणतो, तिथे लाकडी दार कोणी समजत नाही. ल्यूथरच्या मते ख्रिस्ताच्या शरीराला स्थळाचं बंधन नाही, म्हणजे बाधच नाही आणि लक्षणेला जागा नाही. शेवटी मांडलेल्या पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं, पंधराव्यातल्या या मुद्द्यावर झालं नाही.

दोघेही प्रोटेस्टंट, दोघांनाही शास्त्रवचनच अंतिम प्रमाण, तरी निष्कर्ष उलट. म्हणून 'प्रोटेस्टंट म्हणजे शब्दशः' हे समीकरण टिकत नाही. याच वाक्याचा वाच्यार्थ कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्सही धरतात. उलट 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकातले सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच होते असं सांगणाऱ्या अनेक बाप्टिस्ट (हाही प्रोटेस्टंट पंथच) मंडळ्या प्रभुभोजनाकडे, म्हणजे त्या भाकरीच्या विधीकडे, केवळ स्मरण म्हणून पाहतात. एकच पंथ एका वचनाला वाच्यार्थ लावतो, दुसऱ्याला लक्ष्यार्थ. बाध कुठे होतो हे कोण ठरवणार, खरा भेद तिथे आहे. कॅथलिकांत परंपरा आणि धर्मपीठाचा अधिकार, ऑर्थोडॉक्समध्ये धर्मपित्यांची (सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांची) भाष्यं आणि जुन्या धर्मपरिषदा, तर बहुतेक प्रोटेस्टंटांत 'शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावावा' हे सूत्र.

भाषांतरकारांचा पाय हमखास घसरतो तो आणखी एका ठिकाणी. कॅथलिक लेखनात ज्याला लॅटिनमध्ये 'सेन्सुस लितेरालिस' म्हणतात, त्याचं 'शब्दशः अर्थ' करू नये. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने स्पष्ट केलं आहे की 'देवाचा बाहू' या शब्दप्रयोगाचा तो अर्थ हात नसून देवाची कार्यशक्ती हा आहे. म्हणजे रूपकातून लेखकाला जे सांगायचं आहे तेही त्यातच येतं. तिथे 'अभिप्रेत अर्थ' चपखल बसेल, 'वाच्यार्थ'सुद्धा अपुरा पडेल. मध्ययुगात वचनाचे चार अर्थ मानत, आणि याच पायावर उरलेले तीन उभे केले जात. यरुशलेम म्हणजे ते शहर, रूपकाने ख्रिस्तसभा (चर्च), नीतीच्या अंगाने माणसाचा आत्मा, आणि अंतिम गतीच्या दृष्टीने स्वर्गीय नगरी.

तेव्हा भाषांतराच्या पद्धतीबद्दल लिहिताना 'शब्दशः' ठेवावं. शक्य तिथे वाच्यार्थच धरायचा अशा आग्रहाला 'अक्षरार्थवाद' म्हणावं, पण 'बायबल अचूक आहे' या मताशी त्याची गल्लत करू नये. अचूकता मानणारेही स्तोत्रांतली रूपकं रूपकं म्हणूनच वाचतात. आणि पंथाबद्दल विधान करताना वचन सांगावं: 'अमुक मंडळी उत्पत्तीचा पहिला अध्याय वाच्यार्थाने घेते.'