कंपनीचा पर्यावरणाचा दावा खरा की ग्रीनवॉशिंग, हे कसे ओळखावे?

शेअर घेण्यापूर्वी एखाद्या कंपनीची पर्यावरणाविषयीची कळकळ खरी आहे की नुसता देखावा, म्हणजेच ग्रीनवॉशिंग, हे सामान्य माणसाला कसे कळावे, असे आपण विचारले आहे. बडोद्याजवळच्या नांदेसरी औद्योगिक वसाहतीत मी सांडपाणी शुद्धीकरणाचे काम करतो, त्यामुळे माझे उत्तर मुख्यतः पाण्याच्या आणि गाळाच्या अंगाने जाईल.

त्या उद्योगाचा सर्वांत मोठा उपद्रव कोणता हे आधी ठरवावे आणि कंपनीचा दावा त्याला हात घालतो का, ते पाहावे. सिमेंटच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा चुनखडी भाजतानाच बाहेर पडतो. कार्यालयाच्या छपरावरच्या सौर पॅनेलांनी किंवा पाच जूनच्या वृक्षारोपणाने त्यात काहीच फरक पडत नाही. रंग आणि रसायने बनवणाऱ्या कारखान्याने पाण्याबद्दल मौन बाळगून झाडांबद्दल भरभरून लिहिले असेल, तर मला शंका येते.

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमानुसार 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना 'बीआरएसआर' हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल द्यावा लागतो. त्यातील सहावे तत्त्व पर्यावरणाचे आहे; तेथे वीज, पाणी, उत्सर्जन आणि कचऱ्याचे आकडे असतात, तसेच पर्यावरण कायद्यांचा भंग व दंड यांचीही माहिती मागितलेली असते. हे आकडे वाचताना एकूण वापर आणि उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागचा वापर यांत गल्लत होऊ देऊ नये. मालाचे भाव 10 टक्क्यांनी वाढले आणि पाणी पूर्वीइतकेच लागले, तरी प्रति रुपया पाणी सुमारे 9 टक्क्यांनी घटलेले दिसते, आणि जाहिरातीत नेमकी हीच घट झळकते. प्रत्यक्षात एक थेंबही वाचलेला नसतो.

सांडपाण्याचा प्रकल्प उभा असणे आणि तो चालणे यांत फार अंतर आहे. टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद ठेवले की विजेचा खर्च वाचतो, पण प्राणवायूअभावी टाकीतले उपयुक्त जिवाणू मरतात, तपकिरी पाणी काळे पडते आणि कुजका वास सुटतो. चुना व फेरस सल्फेट घालून रासायनिक पाणी खरोखर शुद्ध केले, तर गाळ निघाल्याशिवाय राहत नाही. म्हणून शुद्ध केलेले पाणी वर्षागणिक वाढत असेल, त्याची प्रत तीच असेल आणि गाळ मात्र घटत असेल, तर कंपनीने त्याचे कारण सांगितलेच पाहिजे. 'शून्य विसर्ग', म्हणजे सांडपाणी कारखान्याबाहेर सोडतच नाही, असे म्हणणाऱ्यांना, पाणी आटवून उरलेले मीठ कोठे जाते आणि त्या वाफेसाठी कोणते इंधन जळते, हे विचारावे. आमच्या भागातील औद्योगिक सांडपाणी 1983 पासून सुमारे 55 किलोमीटर लांबीच्या वाहिनीने पादरा व जंबुसर तालुक्यांतून मही नदीच्या मुखाकडे, खंभातच्या आखाताकडे नेले जाते. वाटेतल्या गावांचा विचार केला, तर कागदावरच्या आकड्याची किंमत कळते.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार 'पर्यावरणस्नेही' यांसारखे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. हे चांगलेच झाले, पण पुरावा आपणही शोधू शकतो. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो आणि तो बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर एखाद्या कोपऱ्यात सापडतो. गुळगुळीत कागदावरच्या वार्षिक अहवालापेक्षा मी तो आधी उघडतो, कारण तो नियामकासाठी लिहिलेला असतो आणि त्यातले प्रत्येक वाक्य एखाद्या अटीला बांधलेले असते. दोन्हीकडचे पाण्याचे आणि घातक कचऱ्याचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींत तेच कारखाने आणि तोच काळ धरलेला असूनही ते जुळत नसतील, तर कंपनी सचिवांना लेखी विचारावे. शेअर घेतल्यावर हाच प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेतही मांडता येतो.