नुसत्या रेघांत पाहायचे काय?

प्रश्न : मिनिमलिस्ट, म्हणजे कमीत कमी आकार-रंगांत केलेल्या, चित्रांत नुसत्या रेघा असतात, त्यांत पाहायचे तरी काय?

उत्तर : अ‍ॅग्नेस मार्टिन या चित्रकर्तीचे उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ६ फुटी चौरस कॅनव्हासवर पट्टी धरून पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघांच्या जाळ्या आखल्या. छापील प्रतीत त्या जेमतेम दिसतात, म्हणूनच गैरसमज होतो. मूळ चित्राजवळ गेल्यावर मात्र कापडाच्या विणीवरून जाताना रेघ कुठे अडखळलेली, कुठे फिकटलेली दिसते आणि यंत्राची वाटणारी जाळी माणसाच्या हातची असल्याचे जाणवते. चार पावले मागे सरकलात की रेघा विरून धुक्यासारखा एकच रंग उरतो. स्वतः मार्टिन आपली गणना मिनिमलिस्टांत नव्हे, तर अमूर्त अभिव्यक्तिवाद्यांत, म्हणजे ओळखीच्या वस्तू न काढता रंग-रेघांतून भावना मांडणाऱ्या चित्रकारांत करीत, आणि मला ते मनापासून पटते.