फाईल मी उघडलेली नाही

प्रिय मुली,

तू पाठवलेली फाईल मी उघडलेली नाही. मेलमधल्या सहा ओळी तेवढ्या वाचल्या. ओल्या फरशीवर न घसरणारं कुबडीचं टोक तू बनवलं आहेस, वीस दिवसांनी ते प्रदर्शनात मांडणार आहेस, आणि ‘लोकांना आवडलं तर पेटंटचं बघू’ असा तुझा बेत आहे. खाली सगळी चित्रं जोडलेली! आपली ओळख दोन भेटींची. हे मी पुढे कुणाला दाखवेन का, एवढंही तू विचारलं नाहीस. मला राग आला. तो तुझ्यावर कमी आणि २७ वर्षांपूर्वीच्या माझ्यावर जास्त आहे.

आधी अर्ज. मग प्रदर्शन, मग चित्रं, मग मी.

पंपातून उलटं येणारं पाणी अडवणारी एक झडप मी तीन वर्षं खपून बनवली होती. ती प्रदर्शनात ठेवली, दोन दिवस टेबलापाशी उभा राहून येईल त्याला खोलून दाखवली. रचनेचं चित्र असलेला एक कागदही छापून वाटला. पाच महिन्यांनी पेटंटच्या वकिलाकडे गेलो, तेव्हा त्याचा पहिलाच प्रश्न होता, ‘हे कुणाला दाखवलंत का?’ मी हट्टाने अर्ज केलाच. अर्जाआधी उघड झालेलं नवं धरत नाहीत, म्हणून परीक्षकाने नावीन्य नाकारलं आणि पुरावा म्हणून जो कागद लावला, तो माझाच होता.

पुढे एका कारखान्याने ती झडप बाजारात आणली. आत मी दोन सील ठेवली होती. त्यांनी खर्च वाचवायला एक काढून टाकलं. वर्षभरात झडपा गळू लागल्या, आणि ‘ही रचनाच फसवी’ असं लोक म्हणू लागले. मला एक शब्द बोलण्याचा हक्क नव्हता. पैसे गेल्याचं दुःख केव्हाच विरलं. त्या गळणाऱ्या झडपा मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

म्हणून तुझा जो प्रश्न आहे, की कुबडी वापरणाऱ्या माणसाकडून पेटंटचे पैसे कसे घ्यायचे, तो मला पटतो, पण तो इथे लागू नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. तो वापरायचा की सोडायचा, हे ज्याच्या हातात हक्क आहे त्यानेच ठरवायचं. नील्स बोलिनने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तीन ठिकाणी अडकणारा गाडीचा पट्टा बनवला. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं आणि मग इतर कंपन्यांना तो वापरायची मुभा दिली. आधी अर्ज, मग औदार्य. तुलाही तुझं टोक फुकट वाटता येईल, आणि ‘आतला हा थर काढायचा नाही’ अशी अटही घालता येईल.

तुझं टोक बहुधा रबराचंच असेल. त्या रबराचीच गोष्ट ऐक. गंधक आणि उष्णता यांनी रबर टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं. अमेरिकेतलं पेटंट मिळायला १८४४ उजाडलं. तोवर त्याचे नमुने इंग्लंडला पोचले होते. थॉमस हॅन्कॉकने ते पाहिले, स्वतः प्रयोग केले आणि १८४३ मध्ये तिथे आधी अर्ज केला. गुडइयर १८६० मध्ये कर्जात मेला. नमुना पाठवताना आपण काही चुकीचं करतोय, असं त्याला कशाला वाटलं असेल?

आज जवळपास सगळीकडे आधी अर्ज करणाऱ्याचाच हक्क धरतात. अमेरिकाही मार्च २०१३ पासून त्याच वाटेने गेली. तिथे स्वतः उघड केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सवलत आहे, हे तू कुठूनतरी वाचून मला सांगशील. सांगू नकोस. युरोपात तुझं स्वतःचं प्रदर्शनही नावीन्य संपवायला पुरेसं ठरतं.

घाई म्हणजे दोन पानांचा अर्ज टाकून मोकळं होणं नव्हे. पहिला अर्ज प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणारा तात्पुरता, चालेल, पण त्यात जे लिहिलं नाही त्याला त्या दिवसाची तारीख मिळत नाही आणि नंतर ते त्यात घुसडताही येत नाही. रबराचं लिहिलंस, तर लवचीक असा दुसरा कुठला पदार्थ चालेल तेही लिही. खाचा आठ असतील, तर सहा आणि बारा असताना काय होतं ते लिही. फसलेले नमुनेही लिही. शेवटी दाव्यांची जी वाक्यं असतात, ज्यांना क्लेम म्हणतात, तीच तुझी हद्द ठरवतात. ती अरुंद आखलीस, तर शेजारचा एक खाच कमी करून मोकळा होईल. ही वाक्यं चांगल्या पेटंट एजंटकडूनच लिहून घे. वर्णन मात्र तुझं हवं.

त्याआधी तीन रात्री शोधात घाल. एस्पासनेट या जगभरच्या पेटंटांच्या संकेतस्थळावर सगळं फुकट बघता येतं, आणि पेटंटांच्या वर्गवारीत कुबड्यांचा वर्ग आहे ए६१एच ३/०२. शब्दांपेक्षा चित्रं बघत जा. तुझ्यासारखंच काही सापडलं तर निराश होऊ नकोस. तुझं वेगळेपण नेमकं कुठे आहे, ते तिथेच कळेल. ज्याने खरोखर कल्पना दिली, त्याचं नाव संशोधक म्हणून लाव. नुसतं यंत्र चालवून दिलं असेल तर लावू नकोस.

पहिल्या अर्जाच्या तारखेपासून बाकीच्या देशांत अर्ज करायला १२ महिने मिळतात. पीसीटीचा, म्हणजे एका अर्जाने अनेक देशांची वाट खुली ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा मार्ग धरलास तर साधारण ३० महिने. लोकांना आवडतं का, हे बघायला एवढा काळ पुरेल. अर्जातला मजकूरही सहसा १८ महिने लोकांसमोर येत नाही. अर्जाआधी कुणाला वापरायला द्यायचंच असेल, तर गुप्ततेच्या करारावर सही घे. माझीसुद्धा.

त्या दोन दिवसांबद्दल मला भोळा म्हणणारे अजून भेटतात. मी भोळा नव्हतो. मला ती झडप लोकांच्या हातात द्यायची होती, आणि ती इच्छा मी आजही चूक मानत नाही. चुकला तो क्रम. टेबलापाशी उभं राहण्याआधी एक अर्ज हवा होता, तेवढंच.

वीस दिवस आहेत. नीट लिहिलंस तर बारा पुरतील. नाही जमलं तर प्रदर्शन सोड, पुढच्या वर्षी पुन्हा असेल. अर्जाचा क्रमांक आला की मला कळव, त्या संध्याकाळी फाईल उघडेन. टोक फरशीवर टेकल्यावर त्याच्याखालचं पाणी कुठून बाहेर पडतं, हे मला पहिल्यांदा बघायचं आहे.

तुझा,
काका