होडीतून आलेल्यांना वसवलं कोणी?

प्रश्न : माझा भाचा कॅनडात असतो, त्याच्या शेजारी एका व्हिएतनामी माणसाचं किराणा दुकान आहे. तो म्हणे १९७९ ला होडीतून पळाला आणि तिथल्या लोकांनी ठेवून घेतलं. आमचं गाव नर्मदेच्या बुडितात गेलं, आम्ही अजून कागदं घेऊन फिरतोय. त्यांच्यासाठी एवढा पैसा आला कुठून? (एक वाचक, तळोदा)

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला माझे मामा आठवले. त्यांचंही शेत तापीवरच्या धरणात गेलं. भूसंपादनाची नोटीस पत्र्याच्या पेटीत ठेवलेली, घड्या घालून घालून मधेच फाटली तर चिकटपट्टी लावून जपली, म्हणून हे उत्तर जरा मनापासून लिहितोय.

दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडली ३० एप्रिल १९७५ ला, लोक पळायला लागले, आणि मे महिन्यातच अमेरिकेनं कायदा करून ४५ कोटी ५० लाख डॉलर मंजूर केले, साधारण १ लाख ३० हजार लोकांसाठी. पण अमेरिकेतल्या छावणीतून बाहेर पडायला बहुतेकांना स्पॉन्सर, म्हणजे जबाबदारी घेणारा कोणीतरी, लागायचा, आणि तो शोधून घर लावून देणाऱ्या संस्थांना सरकार माणशी ५०० डॉलर द्यायचं, म्हणजे पैसा माणसाच्या मागे जायचा, बांधकामाच्या टेंडरमागे नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे होड्या वाढल्या, शेजारचे देश त्यांना परत समुद्रात ढकलायला लागले, तेव्हा जुलै १९७९ मधे जिनिव्हात ६५ देश बसले. वसवून घ्यायचा आकडा मे अखेरीस सव्वा लाख होता तो २ लाख ६० हजारावर गेला, वर १६ कोटी डॉलरची नवी मदत कबूल झाली. जपाननं माणसं फार थोडी घेतली पण संयुक्त राष्ट्रांच्या या निर्वासितांवरच्या खर्चाचा निम्मा भार उचलायची तयारी दाखवली.

आता तुमच्या भाच्याचा कॅनडा. तिथं सरकारनं सांगितलं की पाच-सहा जणांनी मिळून एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घ्या, तुम्ही एक माणूस आणला की आम्ही एक आणतो. शब्द ५० हजारांचा होता, १९८० मधे तो ६० हजार केला आणि पाळलाही, त्यातले निम्म्याहून जास्त लोकांनीच आणले. भाडं, गोधड्या-स्वेटर, पोरांची शाळा, बस कुठून पकडायची ते दाखवणं, सगळं त्या पाच-सहा घरांनी. १९८६ चं नान्सेन पदक, म्हणजे निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना संयुक्त राष्ट्रांकडून मिळणारा सन्मान, कॅनडाच्या जनतेलाच मिळालं.

त्याच १९७९ च्या डिसेंबरात नर्मदेच्या पाण्याचा राज्यांमधला तंटा सोडवणाऱ्या नर्मदा लवादानं सांगितलं होतं की पाणी चढायच्या वर्षभर आधी जमीन आणि घराचा प्लॉट हातात द्या, जमीन किमान २ हेक्टर. कागदावर आपला शब्द त्यांच्यापेक्षा कमी नव्हता हो, पण प्रत्येक घरामागे नावानिशी जबाबदार असे पाच जण आपल्याकडे कुठं होते?

भाच्याला सांगा, दुकानदाराला विचार, तुला सरकारनं आणलं की पाच जणांनी, आणि त्यातलं कोणी अजून भेटतं का. काय म्हणतो ते आम्हाला नक्की कळवा.