मनगट मुरगळलंय की हाड निसटलंय?

प्रश्न: डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, तालमीत जातो. अडीच आठवड्यांपूर्वी शिवाजी पुलाजवळ गाडी घसरली आणि तो उजव्या तळहातावर जोरात पडला. एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही, मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधून गोळ्या दिल्या. पण सूज काय उतरत नाही, मूठ वळत नाही आणि अंगठा नि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, रात्री तर जास्तच. घरातले म्हणतात गावाकडं एकजण हाड बसवतोय, तेल लावून चोळून घेऊया. काय करू?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: ताई, चोळायला अजिबात नेऊ नका! मुंग्यांचं वाचून मला काळजी वाटली. मनगटात ८ छोटी हाडं असतात, त्यातलं मधलं लुनेट, आणि असं जोरात पडल्यावर कधीकधी लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे) तुटून लुनेटच्या भोवतीची हाडं निसटतात किंवा लुनेटच तळहाताच्या बाजूला येऊन मीडियन नर्व्ह (अंगठा आणि शेजारच्या बोटांकडं जाणारी नस) दाबतं, म्हणून नेमकी तीच बोटं बधिर होतात. हे क्वचितच होतं आणि समोरून काढलेल्या एक्सरेत पटकन लक्षात येत नाही. १९९३ सालच्या १६६ रुग्णांच्या एका अभ्यासात २५ टक्के जणांचं निदान सुरुवातीला हुकलं होतं.

मनगटाचा अगदी बरोबर कडेच्या बाजूने एक्सरे काढून घ्या. त्यात रेडियस (कोपरापासून मनगटापर्यंतचं अंगठ्याकडचं हाड), लुनेट आणि त्याच्या पुढचं कॅपिटेट एका रेषेत दिसायला पाहिजेत. लुनेट निसटलं असेल तर कलंडलेल्या कपासारखं दिसतं. जुना एक्सरेही सोबत न्या, स्कॅफॉइडला (मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं हाड) फ्रॅक्चर आहे का तेही बघायला सांगा, लागलं तर सीटी स्कॅन करतील.

हाड निसटलेलं निघालंच तर ताज्या केसमध्ये भूल देऊन हात ओढून आधी हाड जागेवर आणतात, पण नुसतं प्लास्टर घालून बहुतेक वेळा भागत नाही, ऑपरेशन करून लिगामेंट शिवावं लागतं आणि तारा घालतात, त्या साधारण दोन महिने राहतात. तुमचे अडीच आठवडे गेलेत, त्यामुळं बहुधा उघडूनच बसवावं लागेल, तरी अजून वेळ गेलेली नाही. महिनेच्या महिने गेले तर मात्र कधीकधी ३ हाडं काढूनच टाकावी लागतात. म्हणून हाताच्या सर्जनला, नाहीतर ऑर्थोपेडिकला उद्याच दाखवा, आणि बधिरपणा वाढत चालला तर उद्याचीही वाट बघू नका, रात्री असलं तरी इमर्जन्सीला न्या.

कुस्तीचं विचारलं नाहीत, पण भावाच्या डोक्यात तेच असणार. तारा काढल्यावर फिजिओथेरपी नेटानं केली तर रोजची कामं बहुतेकांना जमतात, थोडा ताठरपणा आणि पकडीत कमी राहतेच. आखाड्यात उतरायचं की नाही ते सर्जन काही महिन्यांनी पकड तपासून सांगतील, तोवर त्याला तालमीत नुसतं बघायलाच पाठवा.