येऊरच्या जंगलात हरवलेल्या मुलाची साहसकथा लिहायची आहे. नायकाला काय काय करायला लावू म्हणजे ती खरी वाटेल?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या अकरा वर्षांच्या मुलीने ‘हॅचेट’ ही इंग्रजी कादंबरी वाचून संपवली आणि विचारलं, “आपल्या जंगलातली अशी गोष्ट का नाही?” म्हणून तुम्ही स्वतःच लिहायला बसलात. बारा वर्षांचा नायक, येऊरचं जंगल, चाळीस दिवस एकटा. तो गारगोट्या घासून आग पेटवतो, मासे धरतो, झाडावर मचाण बांधतो.

मी ठाण्यात वसंत विहारला राहते. गेली बारा-तेरा वर्षं दर शनिवारी आमच्या सोसायटीतल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते आणि थंडीत त्यांना माहीतगार माणसाबरोबर येऊरला फिरायला नेते. माझं पहिलं सांगणं हे, की चाळीस दिवस काढून टाका. एका रात्रीची गोष्ट लिहा.

‘हॅचेट’मधला मुलगा कॅनडाच्या जंगलात ५४ दिवस काढतो, कारण तिथे मैलोन्मैल माणूस नाही. येऊरचं जंगल ज्यात येतं ते आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. एका बाजूला ठाणं, दुसऱ्या बाजूला बोरिवली, वर घोडबंदर रस्ता, आणि आत ठिकठिकाणी आदिवासी पाडे. ठाण्यातली मुलं येऊरला जाऊन आलेली असतात. चाळीस दिवस कुणाला सापडला नाही म्हटलंत की दहाव्या पानावर ती पुस्तक मिटतील. एक रात्र मात्र कुणालाही पटेल. गोष्ट जूनच्या सुरुवातीची ठेवा. तेव्हा इथे सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि सहाला उगवतो. जवळजवळ अकरा तास काळोख. ज्या मुलाने आजवर एकट्याने खोलीतला दिवासुद्धा मालवलेला नाही, त्याला ते अकरा तास पुरून उरतील.

आता एक गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या गटातला दहा वर्षांचा एक मुलगा कोळ्याचं जाळं बघत मागे राहिला. पुढच्या वळणावर मुलं मोजली तर एक कमी. चाळीस मिनिटं आम्ही हाका मारत फिरलो. तो सापडला खालच्या कोरड्या ओढ्यात, एका दगडावर बसलेला. त्याच्यापुढे चार पावलांवर ओढा तुटत होता आणि खाली दोन मजले उघडा कातळ होता. मला बघून तो रडला नाही. म्हणाला, “काकू, पाणी माणसांकडे जातं ना? पुस्तकात तसंच होतं.” ते पुस्तक त्याला मीच दिलं होतं.

पुस्तकात चूक नव्हती. ती गोष्ट खरी घडलेली होती. १९७१ साली नाताळच्या आदल्या दिवशी पेरू देशातल्या जंगलावरून जाणारं एक विमान वीज पडून हवेतच मोडलं. सतरा वर्षांची युलियाने कोपके खुर्चीला पट्ट्याने बांधलेली, तशीच सुमारे तीन किलोमीटर खाली पडली आणि जगली. एक ओढा धरून ती चालत राहिली आणि अकराव्या दिवशी तिला माणसं भेटली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ. त्यांच्या जंगलातल्या केंद्रावर ती राहिलेली होती, आणि पाणी धरून गेलं की वस्ती लागते हे तिला वडिलांनी सांगितलेलं होतं. तिथली जमीन सखल आहे, ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसं असतात. आपल्या डोंगरात तोच ओढा कड्यावरून उडी घेतो. खारघरचा पांडवकडा धबधबा बघितला असेल तर वेगळं सांगायला नको. पावसात तर वर कुठेतरी सर कोसळते आणि खालचा घोटाभर ओढा बघता बघता कमरेला लागतो. जंगलातल्या युक्त्या त्या त्या जमिनीच्या असतात, आणि मुलं गोष्टीतली युक्ती जशीच्या तशी उचलतात. म्हणून तुमच्या नायकाने केलेली प्रत्येक गोष्ट येऊरच्या मातीत तपासून घ्या. हे मी फार कळकळीने सांगते आहे.

तुमच्या गोष्टीतली संकटंसुद्धा याच मातीतून निघतील. मी असते तर दोन फसगती घातल्या असत्या. पहिली दिव्यांची. अंधार पडल्यावर डोंगराच्या धारेवरून ठाण्याचे दिवे दिसतात, इमारती मोजता येतील इतके जवळ. मुलाला वाटणार की सरळ त्या दिव्यांकडे चालत सुटावं. पण मध्ये दरी आहे, कारवीचं रान आहे, निसरडा उतार आहे आणि पायाखालचं काही दिसत नाही. आपलं घर कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांना दिसतंय आणि तरी जाता येत नाही, हे दुःख कॅनडातल्या मुलाच्या वाट्याला आलेलं नाही. ते फक्त आपल्याकडचं. त्यावर दोन-तीन पानं खर्च करा.

दुसरी फसगत भेकराची. भेकर म्हणजे एक छोटं हरीण, पण ओरडतं ते थेट कुत्रा भुंकल्यासारखं. मुलाला वाटेल, कुत्रा आहे म्हणजे पाडा आहे. तो आवाजामागे दहा-वीस पावलं जातो, आवाज सरकतो, आणि मग त्याला आठवतं की बिबट्याची चाहूल लागली तरी भेकर असंच ओरडतं. हा क्षण नीट लिहिलात तर मुलं श्वास रोखून ऐकतील.

बिबट्या दाखवायचा असेल तर लांबूनच ऐकू येऊ द्या. लाकूड करवतावं तसा खरखरीत, थांबून थांबून येणारा आवाज. झटापट नको. मुलाने पळायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसलेला असेल तर उभं राहायचं आणि मोठ्याने बोलत राहायचं. पळणारी आणि बुटकी दिसणारी गोष्ट बिबट्याला भक्ष्य वाटते. वारली लोक वाघ-बिबट्यांना वाघोबा देव मानून दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पुजतात. पाड्यावरच्या कुणाकडून हे नायकाने आधी ऐकलेलं असेल तर त्या आवाजाने त्याला भीती वाटेलच, पण त्या जनावराचा द्वेष वाटणार नाही.

आग अजिबात नको. पाऊस सुरू झाला की लाकूड ओलं असतं, उन्हाळ्यात गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने वणवा लागतो, आणि राष्ट्रीय उद्यानात आग लावणं हा गुन्हा आहे. खाण्याचंही तसंच. एका रात्रीच्या उपासाने बारा वर्षांच्या धडधाकट मुलाला काही होत नाही. करवंद-जांभूळ ओळखत असेल तर खाऊ दे, अनोळखी फळ मात्र तोंडात नको. ‘हॅचेट’मधला मुलगासुद्धा भुकेपोटी अनोळखी फळं खाऊन पोट धरून लोळतो, आणि लेखकाने ते लपवलेलं नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात शेवळं उगवतात. बाजारात दिसणारी भाजी म्हणून कुणी कच्ची चावली तर घसा असा खाजतो की विचारू नका. तहान, भिजणं आणि घाबरणं, खरी झुंज या तिघांशीच.

मग तो करतो काय? थांबतो. माझ्या मते तुमच्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं साहस हेच. कॅलिफोर्नियात १९८१ साली नऊ वर्षांचा एक मुलगा डोंगरात हरवला आणि दगावला. त्यानंतर मुलांना शिकवायला लागले, की हरवल्याचं कळलं की जवळचं झाड धर, त्याला मिठी मार, हवं तर त्याच्याशी बोल, पण तिथून हलू नकोस. शोधणाऱ्यांना थांबलेलं मूल सापडतं, चालणारं मूल लांब जात राहतं. तुमच्या नायकाला ऐनाचं झाड द्या. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, अंधारात हाताला लगेच ओळखू येते. बुंध्याशी बसण्याआधी त्याने काठीने पाचोळा ढवळावा, विंचू-साप असला तर निघून जाईल. दप्तर बुडाखाली घ्यावं, म्हणजे ओल अंगात शिरत नाही. गळ्यात शिट्टी असेल तर तीन-तीनदा वाजवावी. हाका मारून घसा बसतो, शिट्टी रात्रभर वाजते. मध्यरात्री सर आली की डब्याचं झाकण पुढे धरून पाणी साठवता येईल. काजवे दिसू द्या, त्या दिवसांत ते असतातच. रातवा पक्षी ओरडू द्या, चेंडू फरशीवर टप्पे खात खात थांबावा तसा आवाज. आधी त्याला प्रत्येक आवाजाची भीती वाटेल आणि पहाटेपर्यंत त्यातले दोन-तीन ओळखीचे झालेले असतील.

हे सगळं त्याला कुणी शिकवलं, तेही गोष्टीत आलं पाहिजे. २०२३ मध्ये कोलंबियाच्या जंगलात विमान कोसळलं आणि चार भावंडं ४० दिवसांनी जिवंत सापडली. थोरली तेरा वर्षांची, धाकटं तान्हं बाळ. विमानातलं कसावा नावाच्या कंदाचं पीठ त्यांनी पुरवून खाल्लं आणि कोणती फळं चालतात हे त्या मुलीला घरच्या मोठ्यांकडून ठाऊक होतं. तुमच्या नायकालाही असं कुणीतरी द्या. येऊरच्या पाड्यावरची, त्याच्याच वर्गातली एखादी मुलगी चालेल. तिने डबा खाताना सहज सांगितलेलं त्याला रात्री आठवावं. सकाळी तो तिलाच सापडू दे, पण ती खास त्याच्यासाठी निघालेली नको. आपल्या नेहमीच्या वाटेने जाताना तिला शिट्टी ऐकू येऊ दे, आणि उशीर झाला म्हणून तिने त्याच्यावर थोडं चिडावंही.

पहिला खर्डा झाला की तो मोठ्यांना दाखवू नका. मुलीला आणि तिच्या दोन-तीन मैत्रिणींना बसवून मोठ्याने वाचा, दिवे बारीक करून. जिथे त्या “मी असते तर...” म्हणून मध्येच बोलायला लागतील तिथे समासात खूण करा आणि त्या काय म्हणाल्या तेही लिहून ठेवा. ओढ्याचा प्रसंग लिहाल तेव्हा मला जरूर पाठवा. तो मला आमच्या त्या मुलाला वाचून दाखवायचा आहे.